खाच घासली त्याची गोष्ट

मिस्त्रींच्या हाताखालून चाळीस वर्षं लाकूड गेलं होतं. दार अडलं की रंधा मारायचा, खुंटी जाड वाटली की तासायची. बसत नाही म्हणजे काय, बसवायचं!

लेकीचा कॉम्प्युटर मुंगीच्या पावलांनी चालत होता. तिचं स्वतःचं पहिलंच काम, एका दवाखान्याच्या फर्निचरचे नकाशे, चारच्या आत पाठवायचे होते. "रॅम वाढवायला हवी," एवढं बोलून ती मापं तपासायला गेली. मिस्त्री तडक कॉम्प्युटरच्या दुकानात.

"डीडीआर थ्री की फोर?" दुकानदाराने विचारलं.

मिस्त्रींना ओ की ठो कळेना, पण तसं कबूल करतील तर ते मिस्त्री कसले! "फोर," ते ठणकावून म्हणाले. चार म्हणजे तीनपेक्षा भारी, असा साधा हिशोब.

घरी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून रॅमची जुनी पट्टी काढली. नवी तेवढीच लांब, पण तिची खाच एकीकडे आणि सॉकेटमधला उंचवटा दुसरीकडे. फरक गव्हाच्या दाण्याएवढा. त्यांनी कानस आणली, खाच घासून रुंद केली आणि पट्टी अंगठ्याने दाबली. ती अर्धवट बसली. बटण दाबलं. तीन शिट्ट्या वाजल्या, पडदा काळाच.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. नकाशे आतच होते. पट्टी काढून गुपचूप झाकण लावावं, असंही मनात आलं. तेवढ्यात लेक दारात उभी राहिली.

"मी बसवली," ते म्हणाले. "बसेना म्हणून घासली."

तिने वायर काढली, नवी पट्टी उपसली, घासल्याचा कचरा ब्रशने झाडला आणि जुनी पट्टी परत लावली. पडदा उजळला. नकाशे शाबूत होते. ती मटकन खुर्चीत बसली.

"बाबा, आपली थ्री आहे. थ्री आणि फोर, दोन्हींना वीज वेगवेगळी लागते. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून खाच मुद्दाम बाजूला असते."

मिस्त्री ओशाळले. टेबल वाढवायची जोडफळी उलटी बसू नये म्हणून तेही एक खुंटी मुद्दाम सरकवून ठोकायचे. कुणी ती तासली, तर चार शब्द सुनावायचे.

"मग चार शब्द सुनाव मला," ते म्हणाले.

"चारनंतर," लेक म्हणाली आणि मुंगीच्याच पावलांनी नकाशे पाठवायला लागली.