पन्नास शब्दांपुढचं उत्तर

मी एक फॉर्म आहे. दचकू नका. आजवर मला भरणारेच बोलत आले. आज थोडं माझंही ऐका.

माझा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, एका छोट्या साप्ताहिकाच्या कचेरीत, झेरॉक्स यंत्रातून झाला. विधानसभेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे आमच्यातला एकेक जातो. शाळा, रस्ते, घरपट्टी, दवाखाना असे सहा प्रश्न आणि प्रत्येकाला पन्नास शब्द. एक्कावन्नावा शब्द संपादकीणबाई कापतात, मग तो देवाचं नाव का असेना. वीस वर्षांत त्यांनी ही शिस्त मोडलेली नाही आणि असं का, हेही त्यांना कुणी विचारलेलं नाही.

माझा जुळा भाऊ गेला विमा विकणाऱ्या क्लिफर्ड हेझनकडे. तिथे त्याच्यावर सहा वेळा लिहिलं गेलं, ‘सर्व संबंधितांशी चर्चा करून योग्य तो निर्णय घेऊ.’ काही म्हणायचंच नसलं की जागा भरपूर उरते.

मी आलो ओडील पेल्कीकडे. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून नुकतीच निवृत्त झालेली बाई. क्लिफर्डही लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत जायचा. पहिला प्रश्न टॅनर हॉलोच्या शाळेचा होता. हॉलो म्हणजे डोंगराच्या खोबणीतली वस्ती. शाळेत मुलं नऊ. ती शाळा बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत न्यावीत का?

ओडीलने तीन संध्याकाळी विचार केला. मग लिहिलं, की नऊच मुलांत ना संघ होतो, ना समवयस्क मित्र मिळतो, म्हणून शाळा आज ना उद्या बंद करावी लागेल, हे मला मान्य आहे. इथे माझी जागा संपली. तिने मला उलटवलं आणि पाठीवर लिहिलं, ‘पण हॉलोचा कच्चा रस्ता पक्का होईपर्यंत नाही. बर्फ वितळायच्या दिवसांत तिथे बस रुतते. मी एकोणीस वेळा रुतले आहे. मुलांना बसमध्ये घेऊन.’

साप्ताहिकात माझी पाठ छापली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ओडीलची नणंद मर्ना ते पान फडकावत आली. प्रचाराचं सगळं तीच पाहायची. “वहिनी, तुम्ही लिहिलंत काय आणि छापलंय काय! सरळ सांगा, छापण्यात चूक झाली, मी शाळा बंद करायच्या विरोधात आहे. हॉलोची मतं गेली की आपण गेलो!”

“चूक कसली? छापलंय ते माझंच आहे,” ओडील म्हणाली. “अर्धं आहे, एवढंच.”

तिने संपादकीणबाईंकडून मला परत आणलं आणि मला घेऊन हॉलोत दारोदार फिरली. रॉयस जेविट नावाच्या म्हाताऱ्याने दारातच सुनावलं, “आमची पोरं तूच नेलीस-आणलीस, आणि आता त्यांच्या शाळेला कुलूप लावतेस होय गं?”

“आधी पान उलट, मग शिव्या घाल.”

त्याने उलटलं, वाचलं. “म्हणजे शेवटी बंदच करणार ना?”

“हो. रस्ता झाल्यावर.”

“खोटं बोलली असतीस तर मत दिलं असतं,” रॉयस म्हणाला आणि मला जपून तिच्या हातात ठेवलं.

ओडील सहा मतांनी हरली, क्लिफर्ड निवडून आला. तिने मला आपल्या ट्रकमध्ये, काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेत खोचून ठेवलं.

एप्रिलमध्ये आमदार हेझन हॉलोत आले. बर्फावर ओतलेला मेपल झाडाच्या रसाचा पाक, डोनट आणि आंबट काकडी अशी गावजेवणाची पंगत होती. परतताना त्यांची गाडी दारापर्यंत चिखलात बसली. ओडीलने ट्रकला साखळी बांधून ती ओढली.

“क्लिफी, दुसरीत असताना तुझा बूट इथेच गेला होता. आठवतं?”

“आठवतं.” तो भिजलेल्या पायांनी ट्रकमध्ये बसला. मोजे पिळत म्हणाला, “बाई, तुमच्या उत्तरात पुढे काय होतं हो? सगळे म्हणतात, पुढे काहीतरी होतं.”

तिने मला काढून त्याच्या हातात दिलं. “ने. माझ्याकडे राहून त्याचा काय उपयोग?”

मे महिन्यात विधानसभेत त्याने मला वर धरून वाचलं, दोन्ही बाजू आणि ओडीलच्या नावासकट. हॉलोच्या रस्त्याला मंजुरी मिळाली. तो होईपर्यंत शाळेला हात लावायचा नाही, असंही ठरलं. बाहेर येताच त्याने तिला फोन लावला. मी त्याच्या खिशातच होतो.

“रेडिओवर ऐकलं,” ती म्हणाली. “बरं बोललास. पण पन्नासच्या वर गेलास हं.”

आता मी राजधानीत, त्याच्या टेबलाच्या खणात असतो. कडा दुमडल्यात, पाठीवर चिखलाच्या एका बोटाचा ठसा आहे. तुमच्याही दाराशी उमेदवारांची उत्तरं येतील. जमलं तर पान उलटून पाहा. बहुतेकांची पाठ कोरीच निघेल. एखाद्याची नसेल, तर मत द्या न द्या, पण शेवटपर्यंत वाचा.