तुकडा कुणाच्या ताटात

“रसानं पोट भरतंय तुळजाक्का, अंग भरत न्हाई. बाळंतिणीला तुकडा घाल.” नर्स शांती दारात उभी राहून हे सांगत होती, तेव्हा मी कालवणात बुडालेला होतो.

“आम्ही रसावरच पोरं वाढवली. मेलो व्हय?” तुळजाक्का हसली आणि ढवळू लागली.

मित्रांनो, मी कॅसलरॉकच्या या तुळजाक्काच्या घरचा करवंटीचा जुना डाव. माझा बांबूचा दांडा तिच्या नवऱ्यानं, लखूनं तासला. गोव्याकडून गाडीनं मुडदुशी आली की चुलीपाशी माझाच मान. हा मासा पांढरा, मऊ. लोखंडी पळीनं मोडतो. “डाव असावा तर असा,” शेजारणी म्हणायच्या. मी फुगायचो.

मुडदुशीत चरबी थोडी, काटे कमी, पचायला हलकी. झिजलेलं अंग भरून काढणारी प्रथिनं असतात ती तिच्या मांसात. रसात त्यातली थोडीच उतरतात. पण या घरात समज असा, की शिजताना सगळा कस रसात येतो. म्हणून तुकडे रानात राबणाऱ्या पुरुषांना आणि रस बाळंतीण सुनेला, शिल्पाला. मायेनंच, काठोकाठ. वाढणारा मीच.

“सूनबाईच्या ताटात नुसतं तळं हाय. मासा पोहत गेला वाटतं,” लखू एकदा म्हणाला. सगळे हसले, शिल्पाही. मग त्यानं आपला तुकडा तोंडात टाकला.

तिच्या गळ्याची हाडं वर आली. दूध आटलं, बाळ किरकिरू लागलं. एका सकाळी ती विहिरीवर घागरीसकट कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “ही काय खाते?” तुळजाक्का म्हणाली, “मासेच की.” हे मी नंतर चुलीपाशी ऐकलं.

शिल्पाची आई तिला आणि बाळाला रामनगरला घेऊन गेली. जाताना एवढंच बोलली, “आमच्यात मासा कमी असतोय, पण तुकडा मिळंल.”

अजून शिल्पा परतली नाही. तुळजाक्का आता मुडदुशीचा मधला तुकडा तिच्यासाठी आधी काढून झाकून ठेवते. संध्याकाळी तो मांजर खातं. मी खुंटीला लटकून बघतो. माझ्या करवंटीला चीर गेली आहे.

मित्रांनो, माझ्या चिरेची काळजी करू नका. आज जेवण झालं की स्वयंपाकघरात जा. तुमची आई मागून जेवत असेल. तिच्या ताटात तुकडा आहे की नुसता रस, तेवढं बघून या.