एक इंच सोडून

मित्रांनो, माझ्या अंगावर एकशे ब्याण्णव इंच छापलेले होते. आज एकशे एक्क्याण्णव आहेत. जो गेला तो पहिला.

मी सोळा फुटी मोजायचा टेप. हर्सूलच्या कडुबा मिस्त्रींच्या कमरेला चौदा वर्षं लटकलो, रंधा-करवतीच्या बरोबरीनं राबलो. सध्या माझा मुक्काम पत्र्याच्या एका डब्यात, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या शेजारी आहे. इथं काम नाही, म्हणून हिशेब करत बसतो. पैशांचा नव्हे, ते मला मोजता येत नाहीत. मी मोजतो लांबी. फळीची, भिंतीची आणि वेळ आली तर माणसांचीही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं लाड होत नाहीत. पोलादी पट्टीवर आकडे छापतात, पिवळ्या डबीत गुंडाळतात आणि पुठ्ठ्यावर टोचून बाजारात धाडतात. गुलमंडीच्या एका दुकानात मी टांगलेला असताना कडुबा मिस्त्री आले. त्यांनी पिशवीतून स्वतःची लोखंडी पट्टी काढली आणि दुकानातले सहा टेप एकामागून एक तिच्यावर ताणून पाहिले. दुकानदार म्हणाला, "अहो मिस्त्री, टेप घेताय का नवरदेव बघताय?" मिस्त्री म्हणाले, "नवरदेव एखाद-दुसरं सूत इकडंतिकडं चालतो. टेप नाय चालत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहांतला मी निवडला गेलो. "ह्याचं खरं हाय," एवढंच ते बोलले. मित्रांनो, इतकं छोटं आणि इतकं पुरणारं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात इंटिरियर डिझायनरांची एक असोसिएशन आहे. घरं, दुकानं, ऑफिसं आतून नटवणारी ही मंडळी. महिन्याला एक बैठक, हिवाळ्यात एक प्रदर्शन, एक क्रिकेटचा सामना आणि अजिंठ्याची एक अभ्याससहल. त्या सहलीत लेण्यांकडं पाठ करून फोटो काढले जातात. प्रदर्शनाचे स्टॉल उभारायला असोसिएशन कडुबा मिस्त्रींनाच बोलवायची. बैठकीत कुणाचं मापावरून वाजलं की अध्यक्ष तनुजा मॅडम म्हणायच्या, "वाद कशाला? मिस्त्रींचं माप काय म्हणतंय ते सांगा." मिस्त्रींचं माप म्हणजे मीच की! माझी छाती फुगायची. छाती कसली, डबीच ती. पण फुगायची.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी 'हत्यारांची ओळख' असा कार्यक्रम ठेवला होता. शिकवायला कडुबा मिस्त्री. समोर अठरा पोरं-पोरी, त्यांतला एक प्रणय. हुशार मुलगा, पण हाताला चैन नाही. बोलता बोलता मला बाहेर खेचायचा आणि सोडून द्यायचा. सट्! पुन्हा खेचायचा. सट्! मी मोजले, बावीस वेळा. तेविसाव्याला माझ्या टोकाची लोखंडी आकडी तुटून उडाली आणि पहिला इंच चुरगळून गेला.

प्रणयचा चेहरा उतरला. मिस्त्री मात्र रागावले नाहीत. पत्रा कापायच्या कात्रीनं त्यांनी बरोबर पहिल्या इंचाच्या रेघेवर मला कापलं, टोकाला भोक पाडून तांब्याच्या तारेची गाठ मारली आणि मला त्याच मुलाच्या हातात देऊन म्हणाले, "घाबरू नको रे. आता ह्याच्यावर जेवढं दिसंल त्यातून एक सोडायचा. माप तेच." प्रणयनं समोरचं टेबल मोजलं. "सदतीस," तो म्हणाला, आणि थांबून, "एक सोडून, छत्तीस." मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप दिली.

तेव्हापासून 'एक सोडून' हे माझं आडनाव झालं. हातात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं जायचं. माझं व्यंग मी कधी लपवलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

काळ गेला. प्रणयचे प्रणय सर झाले, असोसिएशनचे उपाध्यक्षही झाले. त्यांच्या साइटवरची सुतारकामं कडुबा मिस्त्रींकडंच. मग असोसिएशननं ठरवलं की दरवर्षी समाजासाठी एक खोली सजवून द्यायची. या वर्षी निवड झाली हर्सूलच्या अभ्यासिकेची. विहाराला लागून असलेली लांबट खोली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली तिथं सतरंजीवर बसून वाचायची. कडुबा मिस्त्रींची मुलगी विशाखाही त्यांतलीच. मार्चमध्ये तिची परीक्षा होती. खोलीत खांबांच्या मधे तीन जागा. प्रत्येक जागेत आठ जणांचं एक टेबल, म्हणजे चोवीस मुलांची सोय. सतरंजीवरून उठून टेबलाशी बसायचं, एवढंच त्या चोवीस जणांचं म्हणणं होतं.

माप घ्यायला प्रणय सर स्वतः आले. लाल किरणानं मोजणारं त्यांचं यंत्र ऐनवेळी बंद पडलं. "मिस्त्री, टेप द्या तुमचा." मिस्त्री स्टुलावर चढून जुना दिवा सोडवत होते. त्यांनी वरूनच मला खाली दिलं. "सर, एक सोडून बरं का."

"मला सांगता?" सर हसले. "तो इंच मीच तर तोडलाय!"

माझं टोक विशाखानं एका खांबाला दाबून धरलं. दुसऱ्या खांबापाशी सर. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुंडलिकनगरच्या कुणा बाईंना स्वयंपाकघराचा रंग आवडला नव्हता. फोन कानाला, नजर माझ्यावर, मन पुंडलिकनगरात. माझ्यावर दिसले सत्त्याण्णव. सरांनी तळहातावर लिहिलं, सत्त्याण्णव. एक सुटला नाही. मी कितीही ताणलो तरी मला तोंड नाही हो!

त्या आकड्यावर लोखंडी सांगाड्यांची तीन टेबलं परस्पर बनून आली, उद्घाटनाच्या दिवशी सकाळी. तिन्ही जागा शहाण्णवच्या, टेबलं पाव इंच सूट सोडूनही त्याहून पाऊण इंच मोठी. लाकूड असतं तर मिस्त्रींनी रंधा मारला असता. लोखंडाला रंधा काय मारणार? दोन टेबलं तिरकी सारली, तिसरं व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभं केलं. बसायच्या जागा उरल्या दहा. मागं बॅनर मात्र बारा फुटी लागला, टेबलापेक्षा चार फूट मोठा. भाषणं पाच झाली.

पाहुण्यांनी विचारलं, "टेबलं अशी तिरकी का?"

प्रणय सर म्हणाले, "तो मुद्दाम दिलेला कोन आहे. वाचताना मनाला गती मिळते."

पाहुण्यांनी मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. विशाखा दारातून म्हणाली, "सर, गती दहा जणांना मिळेल. चौदा जणांनी कुठं बसायचं?" कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि प्रश्न त्यांत बुडाला.

चार दिवसांनी असोसिएशनच्या ऑफिसात बैठक बसली. तनुजा मॅडमनी सरळ विचारलं, "माप कुणी घेतलं?"

"मीच घेतलं," प्रणय सर म्हणाले. "पण मिस्त्रींच्या टेपनं. आता तो तुटका आहे हे मला कसं माहीत असणार?"

मी मिस्त्रींच्या कमरेला होतो. माझी स्प्रिंग आतल्या आत आवळली. नऊ वर्षांपूर्वीची ती थाप, छत्तीस इंचांचं ते टेबल, 'मीच तर तोडलाय'चं ते हसू, सगळं माझ्या आत गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, आता मिस्त्री बोलतील. चौदा वर्षं मी त्यांच्यासाठी बोललो, आज ते माझ्यासाठी बोलतील.

मिस्त्रींनी सरांकडं पाहिलं. सर मोबाइलकडं पाहत होते.

मिस्त्रींनी मला कमरेवरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "टेपच खोटा हाय, मॅडम," ते म्हणाले. "कधीच फेकायला पायजे होता. सरांची काय चूक नाय."

खोलीत एकदम हवा खेळली. सगळे हसले. एक जण म्हणाला, "मिस्त्री, पाणचक्कीपाशी ठेवा याला, पर्यटक बघायला येतील!" दोष माझा ठरला म्हणजे कुणाचाच ठरला नाही. पाच मिनिटांत ठराव झाला. सांगाडे परत न्यायचे, कापून-जोडून बारा दिवसांत बसवायचे. शिवाय वार्षिक कार्यक्रमात कडुबा मिस्त्रींचा उत्तम कारागीर म्हणून सत्कार करायचा.

घरी विशाखा वाटच पाहत होती. ऐकल्यावर ती भडकली. "पप्पा, टोक मी धरलं होतं. मीच तोडलाय म्हणाले ते, माझ्यासमोर. तुम्ही बोलला का नाय?"

"बोललो असतो तर काय झालं असतं?"

"खरं कळलं असतं."

"कळलं असतं. मग सर रुसले असते. अर्धी मंडळी त्यांच्याकडून, अर्धी माझ्याकडून. समिती बसली असती, चौकशी झाली असती. तवर मार्च आला असता." तांब्या उचलून ते घोटभर पाणी प्यायले. "टेबलं बसायला पायजे होती, विशू. माणसाला दोष दिला की माणूस अडून बसतो. टेप कुठं अडून बसतोय?"

मित्रांनो, हिशेब मला पटला. एका बाजूला चोवीस मुलांच्या जागा, दुसऱ्या बाजूला एक तुटका टेप. मी स्वतः मोजलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं. पण पटलेल्या गोष्टीनंही दुखतं. परक्यानं खोटं ठरवलं तर माणूस किंवा टेप विसरतो. 'ह्याचं खरं हाय' म्हणून ज्यानं सहांतून निवडलं, त्याच तोंडानं 'खोटा हाय' म्हटलं, ते कुठल्या खणात ठेवायचं?

टेबलं बाराव्या दिवशी बसली. अगदी सुतात. मिस्त्रींचा सत्कार झाला. शाल मिळाली, आणि भेट म्हणून, ऐका, लाल किरणाचं नवं कोरं मोजयंत्र. देताना प्रणय सर म्हणाले, "आता तो टेप सोडा, मिस्त्री." लोक खळखळून हसले. घरी आल्यावर मिस्त्रींनी मला या डब्यात ठेवलं. ठेवताना डबीवरची धूळ तेवढी अंगठ्यानं पुसली.

पण विशाखानं मला सोडलं नव्हतं. असोसिएशनची मंडळी सरळ झालेल्या टेबलांचे फोटो काढायला अभ्यासिकेत आली, त्या दिवशी तिनं मला डब्यातून उचलून दप्तरात घातलं. चोवीसच्या चोवीस जागा भरल्या होत्या. तनुजा मॅडम सगळ्यांना उद्देशून हसत म्हणाल्या, "या वेळी नीट मोजलंय ना रे?"

"मोजून दाखवते, मॅडम," विशाखा उठली. "सर, जरा टोक धरता का?"

प्रणय सरांनी सहज हात पुढं केला. तारेची गाठ त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी टोक खांबाला टेकवलं. विशाखानं मला दुसऱ्या खांबापर्यंत ताणलं आणि मोठ्यानं वाचलं, "सत्त्याण्णव."

"एक सोडून," सर म्हणाले.

लगेच म्हणाले. विचार न करता, शिकवलेल्या मुलासारखे.

तनुजा मॅडमनी सरांकडं पाहिलं आणि बराच वेळ नजर काढली नाही. सर माझं टोक धरून तसेच उभे. धरावं का सोडावं, त्यांना कळेना. कडुबा मिस्त्री खाली वाकून टेबलाचा एक स्क्रू पिळू लागले. तो आधीच घट्ट होता.

"शहाण्णव," विशाखा म्हणाली. "बरोबर आहे, सर."

इतक्यात फोटोवाला ओरडला, "सगळे जवळ या, जवळ या!" सगळे जवळ आले. मॅडम आल्या. मिस्त्री आले, कडेला. प्रणय सर मधोमध. विशाखानं मला मुठीत घेतलं, मूठ पाठीमागं. फोटो छान आला म्हणतात. मी त्यात नाही.

कुणी माफी मागितली नाही, कुणी माझ्यावरचा ठपका मागं घेतला नाही. घरी परतल्यावर मिस्त्रींनी हात पुढं केला. "दे तो." विशाखानं मला दिलं. माझ्या डबीवर तिनं मार्करनं लिहून ठेवलं होतं, 'टेप खरा आहे. एक इंच सोडून.' मिस्त्रींनी दोनदा वाचलं. पुसलं नाही.

"मग आता कमरेला लावा की, पप्पा."

"उद्यापासून सरांचं पुंडलिकनगरचं काम चालू हाय," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडलं.

तर मित्रांनो, तुमच्याकडंही अशा जुन्या वस्तू असतील. कात्री, कुलूप, शिवणयंत्र, सायकल. कशाचं काही तुटलं असेल तर फेकायची घाई करू नका. तिची खोड एकदा समजून घ्या, म्हणजे ती तुम्हाला कधी फसवणार नाही. आणि कुणी 'एक सोडून' असं सांगितलं आणि तुम्ही मान हलवली, तर ती मान आठवणीत ठेवा. ज्या दिवशी हिशेब चुकेल, त्या दिवशी ती तुमचीच होती असं म्हणा.

माझा एकच इंच गेलाय. तो कुठं गेला, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलोय.