आईला काढायचंय

पणदऱ्याच्या हिंदुरावांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं ते एका लग्नपत्रिकेवरून. धाकट्या भिमाच्या मुलीचं, श्रेयाचं लग्न होतं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून हिंदुरावांचं नाव होतं, पण पाचवं. वर पतसंस्थेचे माजी चेअरमन, दोन मेहुणे आणि खताचा एक डीलर. भिमाचं इंदापुरात खताचं दुकान, त्यामुळे डीलर वर जाणं धंद्याला धरून होतं. पण थोरला भाऊ खताच्या खाली गेला, हे काही हिंदुरावांच्या पचनी पडेना. ते लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, न जेवता परत आले. तेव्हापासून भिमा हे नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं.

पुढं त्यांची आई, रतनबाई वारली. तिचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा हिंदुरावांच्या ध्यानात आलं, की आपल्या भिंतीवर लावायला आईचा धड फोटोच नाही. पुढचे दोन दात पडल्यापासून म्हातारी कॅमेरा दिसला की तोंडाला पदर लावायची. एकाच फोटोत ती मोकळी हसली होती. भिमाच्या दुकानाच्या उद्घाटनाला काढलेला फोटो होता तो. आई खुर्चीत बसलेली, एका अंगाला हिंदुराव, दुसऱ्या अंगाला भिमा, आणि दोघांचा एकेक हात तिच्या खांद्यावर. तो फोटो होता भिमाच्या घरी, भिंतीवर. भिमाकडं मागायचा म्हणजे नाक खाली करण्यातला प्रकार. हिंदुरावांनी श्रेयाला फोन करून तो परस्पर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. भांडण पत्रिकेशी होतं, नवरीशी नव्हतं.

फोटो घेऊन ते बारामतीला अय्युबच्या स्टुडिओत गेले.

"ह्यातनं आईला काढायचं," ते म्हणाले. "आन् मोठा करायचा. भिंतीला लावायचाय."

"बाकीचे दोघं?" अय्युबनं विचारलं.

"त्यांचं काय न्हाय."

अय्युब समजला. त्याच्याकडं त्या आठवड्यात माणसं वगळायचीच कामं आली होती. एका अल्बममधून मोडलेल्या सोयरिकीतला नवरदेव गेला होता, दुसऱ्यातून पक्ष बदललेला सरपंच. घराघरांत काय काय चाललेलं असतं, ते फोटोवाल्यानं विचारायचं नसतं. सॉफ्टवेअर चांगलं होतं. नको त्या माणसाभोवती रेघ ओढली की ते माणूस उचलायचं आणि मागची भिंत आपल्या मनानं भरायचं.

श्राद्धाच्या सकाळी हिंदुराव फ्रेम न्यायला आले. अय्युब कुठं तरी साखरपुड्याचे फोटो काढायला गेला होता. त्याच्या बायकोनं, सायराबानूनं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली फ्रेम हातात दिली. "बघून घ्या आबा," असं ती म्हणालीही. पण आईला रस्त्यावर उघडायचं हिंदुरावांना बरं वाटलं नाही.

घरी पाट मांडला होता, हार आणला होता, पाहुणे बसले होते. हिंदुरावांनी सुतळी सोडली, कागद काढला आणि फ्रेम पाटावर उभी केली.

फ्रेममध्ये दोघं भाऊ होते. मागं दुकानाची कोरी भिंत. आईच्या खांद्यावरचे हात मोकळे पडल्यावर त्यांचं काय करावं हे सॉफ्टवेअरला कळलं नसावं. त्यानं ते एकमेकांत दिले होते. हिंदुराव आणि भिमा हातात हात घालून, नव्या जोडप्यासारखे, पाहुण्यांकडं बघून हसत होते.

पाहुण्यांनी माना पुढं काढून पाहिलं. मग हिंदुरावांची बायको शकुबाई म्हणाली, "फोटू चांगला आलाय. पर आत्याबाई कुठं हायत?"

जिवंत माणसांच्या फोटोला हार घालता येत नाही, तेव्हा फ्रेम पालथी घातली गेली. शकुबाईनंच तोड काढली. नवऱ्याचा मोबाइल घेतला, त्यावर श्रेयानं पाठवलेला फोटो लावला, आई मोठी केली आणि मोबाइल तांब्याला टेकवून पाटावर ठेवला. घटकाघटकेला आई विझायची आणि शकुबाई बोट लावून तिला परत आणायची. हिंदुराव मान खाली घालून बसले. आईला एक दिवस भिंतीवर आणायचं, तर तेही आपल्याला जमलं नाही, याची त्यांना लाज वाटली. हार तसाच ताटात राहिला.

निवद ठेवला आणि आई वाजू लागली. तिच्या हसऱ्या तोंडावर ठळक अक्षरात नाव आलं: भिमा.

सगळी पंगत बघत होती. आईच्या देखत फोन कापायचा हिंदुरावांना धीर होईना. त्यांनी उचलला.

"आण्णा," पलीकडून आवाज आला, "निवद दाखवला का?"

"व्हय."

"शेंगुळी केली का? तिला लई आवडायची."

हिंदुरावांनी ताटाकडं पाहिलं. शकुबाईनं केली होती. "केलीय."

"मंग बरं." भिमा म्हणाला. "ठेवतो."

"ठेव."

दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी ती फ्रेम अय्युबच्या काउंटरवर ठेवली.

"आईला काढ म्हणालो होतो."

"काढली की, आबा. हितं कुठं हाय?"

"काढ म्हंजे, ह्यातनं काढ."

"ह्यातनंच काढली."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग अय्युबनं कपाळावर हात मारला आणि गुमान कामाला बसला. या वेळी त्यानं आईभोवती रेघ ओढली आणि तिला उचलून नुसत्या निळ्या पडद्यावर ठेवलं. ती मोकळी हसत होती. खांद्यांवर मात्र दोन हात राहिले होते, मनगटापासून मागं कुणीच नसलेले.

"हे बी पुसतो," अय्युब म्हणाला. "पर त्याखालचा पदर, खांदा मशीन आपल्या मनानं करणार. तो मशीनचा असंल, आईचा न्हाय."

हिंदुराव स्क्रीनकडं बघत राहिले.

"नुसता तुमचा ठेवू का? भावाचा तेवढा काढतो. सांगा, ह्यातला तुमचा कोणता?"

एका मनगटावर घड्याळ होतं. पांढऱ्या तबकडीचं, तडा गेलेलं. तेच घड्याळ हातात घालून हिंदुराव काउंटरला टेकून उभे होते.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ओळखू येत न्हाय," ते म्हणाले.

अय्युबनं त्यांच्या मनगटाकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं पाहिलं.

"मला बी न्हाय," तो म्हणाला, आणि प्रिंट दिली.