मला एक दार हवं होतं

मित्रांनो, माझं नाव ऐकून तुम्ही भुवया उंचावणार, हे मला ठाऊक आहे. मी एक जुना मेझुझा आहे. म्हणजे बोटभर लांबीची सागाची डबी, आणि पोटात कातड्यावर लिहिलेली प्रार्थना. ज्यू माणसांच्या दाराला उजव्या चौकटीवर मी तिरका बसतो. येणारा-जाणारा मला हात लावतो आणि ती बोटं ओठांना टेकवतो. एवढंच माझं काम. पण दार नसेल तर मी कशाच्याच कामाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जिते स्टेशनपासून पायी वीस मिनिटांवर रूबेन तेल्याचं घर होतं. घाण्याच्या दुरुस्तीत उरलेल्या लाकडातून त्याने मला स्वतःच्या हाताने कोरलं. घरभर तेलकट बोटं. ती लागून लागून मी इतका चकचकीत झालो की पाहुणे विचारत, पॉलिश कुठून करून आणलं? मला त्याचा गर्व होता. खरं सांगायचं तर अजून आहे.

रूबेनचा नातू सॉलोमन. त्याच्या काळात एक दिवस सीताबाई दारात आली. मिठागरावरच्या घरातली नवी सून, डोक्यावर मिठाची पाटी. सॉलोमनच्या बायकोने, ज्युडिथवहिनींनी, मला हात लावलेला तिने पाहिला. या घरात शिरायची हीच रीत असणार, असं समजून तिनेही लावला. 'बाई, हे तुझ्यासाठी नाही,' असं तिला कुणी म्हटलं नाही. चाळीस वर्षं ती आपली मिठाची बोटं मला लावत राहिली.

मग घर रिकामं होत गेलं. मुलगा मायकल इस्रायलला गेला, मुलगी शीरा लग्न होऊन मुंबईला. ज्युडिथवहिनी वारल्या. शेवटी सॉलोमनलाही मायकल घेऊन गेला. दोन वर्षं दार बंद. कोळ्याने माझ्यावर खुशाल जाळं विणलं. अंगण झाडायला येणाऱ्या सीताबाईचं बोट लागे, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. यंदा घर विकलं गेलं आणि सॉलोमनचा फोन आला.

"सीते, आता घर पाडतील. तेवढा तो काढ आणि शीराकडं पोचव. पेटीत नको ठेवू गो. त्याला दार पाहिजे."

सीताबाईने मला काढलं आणि दोन्ही पितळी स्क्रू पदराच्या गाठीत बांधले. रोह्याहून येणाऱ्या गाडीत ती सकाळीच बसली. शीराच्या पत्त्याची चिठ्ठी आणि मी, दोघेही तिच्या मुठीत. फोन घरी चार्जिंगलाच राहिला होता.

मुंबईतल्या वस्तीचं नाव तेवढं तिला पाठ होतं; दुपारी त्यावरून रिक्षाने आम्हाला एका टेकडीवर सोडलं. सीताबाईने मूठ उघडली, तर घामाने चिठ्ठीवरची शाई पुसून गेलेली. आता शीरा कुठे शोधायची?

आम्ही चालत राहिलो. काय सांगू मित्रांनो, तशी शांतता मी खाडीकाठीसुद्धा ऐकली नव्हती. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, रस्त्यावर सावलीच सावली. कुठल्याशा बंगल्यातून पियानो वाजत होता, तोही झोपेत वाजवल्यासारखा. बोटांच्या फटीतून मी एकेक दार पाहत होतो. पितळी कड्यांचं, रंगीत काचेचं, चाफ्याआड लपलेलं. प्रत्येक दारावर मी मनातल्या मनात बसून पाहिलं. या निळ्या दारातून कोण येत असेल? त्याचे हात गार असतील का? इतकी सुंदर दारं, आणि एकही उघडं नाही.

"माणसं गेली कुठं सगली?" सीताबाई पुटपुटली. शीरा सापडली नाही, तर मला पेटीतच जायचं होतं.

प्रत्येक फाटकावर ती विचारी, "सॉलोमनभाऊंची शीरा हितं राहते काय?" पहारेकरी विचारत, फ्लॅट नंबर काय? चौथ्या फाटकावरचा मात्र तिचं बोलणं ऐकून उठूनच उभा राहिला.

"कुठल्या गो तुम्ही, मावशी?"

"जित्याची."

"मी पुंडलिक, खांबचा, तुमच्याच बाजूचा. एक शीरा मॅडम हायत वर, सातव्या मजल्यावर. रोज मला इचारतात, गावाला पाऊस हाय का म्हणून."

सातव्या मजल्यावर दाराशी आल्यावर सीताबाईचा हात सवयीने उजव्या चौकटीकडे गेला. तिथे नेमकी बेल. ती दचकली, तरी बोटं ओठांना टेकवून झालीच. शीराने दार उघडलं ते हे बघतच.

"सीतामावशी," ती म्हणाली आणि तिने तिला घट्ट मिठी मारली.

चहा झाला. पण दाराची चौकट संगमरवरी. "हिच्यात स्क्रू जाणार नाही, मावशी," शीरा म्हणाली. "शोकेसमध्ये ठेवते. छान दिसेल, आत दिवा पण आहे."

सीताबाईने मला टेबलावरून पुन्हा मुठीत घेतलं.

"काचेत नाय. दार पाहिजे म्हणाले तुझे बाबा."

ती उठली आणि बोटाने घरातली एकेक चौकट वाजवत निघाली. दगड. दगड. स्वयंपाकघरापाशी थांबली, पुन्हा वाजवलं. "ह्ये लाकूड हाय." तिने पदराची गाठ सोडली.

शीराने प्रार्थना म्हटली आणि मला तिथे बसवलं. मग पाच वर्षांच्या डेबोराला, आपल्या लेकीला, उचलून धरलं. डेबोराने बोट लावलं, ओठांना टेकवलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हा खारट आहे."

शीरा सीताबाईकडे बघून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेआड एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला बाहेर काढा. नुसती पुसू नका, वापरा. आम्हाला हात लागतो म्हणून आम्ही टिकतो.

डेबोरा आता स्टुलावर चढून रोज मला बोट लावते आणि चाटून बघते. खारटपणा केव्हाच संपला. "मिठाची आजी परत कधी येणार?" असं ती आईला विचारते. मीही चौकटीवरून कान देऊन असतो.