गिळलेला ‘क’

“आता एवढ्याच पायऱ्या राहिल्या,” घर भाड्याने देणाऱ्या लाल्ला बतूल म्हणाल्या. हे त्या तिसऱ्यांदा म्हणत होत्या.

मी भिंतीवरच्या नळाला हात लावून उभा राहिलो. “तुम्ही व्हा पुढे. मी जरा पाण्याचा दाब बघतो.”

नळ कोरडा होता. मी चौतीस वर्षं सेत्तातच्या पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त केले आहेत, त्यामुळे कोरड्या नळात दाब नसतो एवढं मला कळतं; पण गुडघे ऐकायला तयार नव्हते. माझी बायको रहीमो दोन पायऱ्या वर थांबली आणि माझ्याकडे एकदा बघून पुढे गेली. ती निवृत्त नर्स आहे. तिला थापा मारण्यात अर्थ नाही, पण सवय जात नाही.

तेतुआन तिचं गाव, लाराश माझं. दोन्ही उत्तरेला, टॅक्सीने दोन तासांच्या अंतरावर. लग्न झालं त्याच महिन्यात आम्ही पोटासाठी ‘आत’, सेत्तातला गेलो. उत्तरेकडची माणसं उरलेल्या सगळ्या देशाला ‘आत’ म्हणतात आणि तिथल्या लोकांना ‘आतले’. म्हणताना नाक जरा वर जातं. म्हातारपणी तेतुआनला राहायचं, असा शब्द मी रहीमोला तेव्हाच दिला होता. माझे गुडघे तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. शब्द द्यायला काय जातंय!

काल आम्ही लाराशला माझ्या बहिणीकडे होतो. सोदियाने तळमजल्यावरची खोली आमच्यासाठी रंगवून ठेवली आहे. उंबरा ओलांडला की बाजार, आणि मध्ये एकही पायरी नाही. रहीमो मासे साफ करायला उठली.

“वहिनी, तू बस गं,” सोदिया म्हणाली. “तुला माझ्या सुऱ्या कुठे सापडणार?”

“शोधीन की.”

“नको बाई. मग मला सापडत नाहीत.”

रहीमो बसली ती जेवण होईपर्यंत बसून राहिली. चौतीस वर्षं इंजेक्शनं देणारे हात मांडीवर नुसते ठेवलेले. मला ते बघवेना. म्हणून मीच म्हणालो, उद्या तेतुआनचं घर बघू आणि तिथल्या तिथे हो की नाही ते सांगून टाकू. बतूलबाईंकडे दुसरंही एक कुटुंब विचारून गेलं होतं.

शेवटच्या पायऱ्या मी बसत बसत चढलो. गच्चीच्या दारातून रहीमोची पाठ दिसत होती. ती कठड्यावरून खालची गल्ली बघत होती.

“ती पावाची भट्टी बंद झाली वाटतं?”

“केव्हाच! आता कोण जातंय कणीक घेऊन भट्टीवर?” बतूलबाई थबकल्या. “पण तुम्हाला भट्टी कशी माहीत? इथल्याच का तुम्ही? कुणाची गं तू? थांब, आधी बस, अहवा घेऊ.”

जुने तेतुआनी लोक घशातला ‘क’ गिळतात. कहव्याला, म्हणजे कॉफीला, ‘अहवा’ म्हणतात. रहीमोही म्हणायची. सेत्तातच्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात बायकांनी तिचं नाव ‘अहवाबाई’ ठेवलं. मीही काही कमी नव्हतो. पाहुणे आले की मुद्दाम विचारायचो, “रहीमो, काय करतेस गं पाहुण्यांना?” ती ‘अहवा’ म्हणाली की सगळे हसायचे. वर्षभरात तिने तो ‘क’ शिकून घेतला. मला वाटलं, बरं झालं, सुटली बिचारी.

‘कुणाची गं तू’ हे सेत्तातमध्ये तिला कधी कुणी विचारलं नाही. उत्तर द्यायला ती वळली, आणि तिला मी दिसलो. पायरीवर बसलेला, दोन्ही हातांनी गुडघा धरलेला. मला उठायला वेळ लागला.

“नाही हो,” ती बतूलबाईंना म्हणाली. “आम्ही आतले. सहज बघायला आलो होतो. घर दुसऱ्यांना देऊन टाका. आणि कहवा नको, आमची गाडी आहे.”

‘क’ अगदी खणखणीत होता. बतूलबाई लगेच ‘गं’वरून ‘अहो’वर आल्या.

गल्ली उतरताना मी म्हणालो, “खोटं कशाला बोललीस?”

“खरं सांगितलं असतं तर आईचं नाव निघालं असतं. अख्खी गल्ली गोळा झाली असती. मग मला नाही म्हणता आलं नसतं.”

“मग नाही म्हणायचंच नव्हतं.”

“आणि तुला रोज वर कोण नेणार? मी, पाठुंगळी?” मग खाली न बघताच म्हणाली, “भिंत धर. ही पायरी पहिल्यापासून घसरडी आहे.”

टॅक्सी थांब्यासमोरच्या कॅफेत बसलो. मला स्वतःची लाज वाटत होती. तसं म्हणायला हवं होतं, पण मला ते येत नाही. वेटर आला.

“दोन अहवा,” मी म्हणालो.

तो हसला. “काका, आता माझी आजीसुद्धा असं म्हणत नाही.”

रहीमोचा चेहरा उतरला. “अजून चेष्टा करतोस?”

“नाही गं. शपथ.”

वेटर कप ठेवून गेला.

“मग नीट तरी म्हण,” ती म्हणाली. “एवढा मोठा ‘अ’ नसतो. घशातच थांबवायचा.”

“तू म्हणून दाखव.”

बाहेर टॅक्सीवाला ओरडत होता, “लाराश! दोनच माणसं हवीत! लाराश!”

रहीमोने आजूबाजूला बघितलं, कप जवळ ओढला आणि हळूच तो शब्द म्हटला. मग पुन्हा एकदा म्हटला, जरा मोठ्याने. मी टॅक्सीवाल्याला हातानेच थांब म्हणालो.