क्रमाची हमी नाही

सुईनं आधी बोटीची पांढरी किनार मारली, मग तिच्यावरच निळं पाणी भरलं. किनार पार गडप झाली. बिल्ला उजेडात धरून ताई म्हणाली, "बोट बुडवलीस की रे."

धाकट्याला हसू आलं नाही. भरतकामाच्या यंत्राला टाके सांगणारा प्रोग्राम त्याचाच होता. कुठल्या वर्गाला न जाता, धडपडत शिकून लिहिलेला. त्याच्या शब्दावर ताईनं कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून पुढच्या खोलीत यंत्र मांडलं होतं. शनिवारी शाळेला बोटीचे दोनशे चाळीस बिल्ले द्यायचे होते, आणि आज बुधवार. हे जमलं नाही तर सोमवारी कारखान्यात परत, असं तिनं सरळ सांगून टाकलं होतं. तिथल्या सुपरवायझरनं तिची जागा राखूनच ठेवली होती.

घोळ कुठे झाला ते धाकट्याला लगेच कळलं. ज्या प्रोग्रामिंग भाषेत त्यानं सगळं लिहिलं होतं, तिची नवी आवृत्ती त्यानं कालच टाकली होती. आधी यादीत रंग ज्या क्रमानं टाकावेत त्याच क्रमानं बाहेर यायचे. आता वाट्टेल तसे येत होते.

भाषेच्या तक्रारींच्या पानावर त्यानं तावातावानं लिहिलं, "तुमच्या नव्या आवृत्तीनं चांगलं चाललेलं काम मोडलं. आजच्या आज दुरुस्त करा."

ती भाषा सांभाळणाऱ्या एका बाईंचं उत्तर तासाभरात आलं. "हा बिघाड नाही. या यादीत क्रमाची हमी आम्ही कधीच दिली नव्हती. तक्रार बंद करत आहे."

"बंद करत आहे म्हणे. दोन वर्षं क्रम देतच होते की."

ताई बुडालेल्या बोटीचे धागे उसवत होती. "लिहून दिलं होतं?"

"लिहून कशाला? रोज दिसत होतं."

"गिऱ्हाईक स्वतःचं कापड आणतं, त्याचा रंग गेला तर मी भरून देते का?"

"तू तशी पाटी लावलीयेस."

"त्यांनी लावली नाही कशावरून?"

तो चडफडत माहितीपुस्तिका चाळायला बसला. पाटी होती. पार शेवटच्या भागात, एका ओळीची: क्रमाची हमी नाही. कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं.

"जुनी आवृत्ती परत टाकतो," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"आणि पुढच्या वेळी? दर वेळी मी जीव मुठीत धरून सुई चालू करू?"

जुन्या आवृत्तीचा विचार त्यानं सोडला. त्यानं बाही वर सारली. प्रत्येक रंगाला नंबर द्यायचा आणि यंत्राकडे पाठवण्याआधी आपणच नंबरानं लावून घ्यायचे. बोटीत अकरा रंग. पहिल्या चाचणीत दहा आणि अकरा हे एकच्याच पाठोपाठ आले. त्यानं आकडे अक्षरांसारखे साठवले होते, म्हणून भाषा नुसतं पहिलं अक्षर बघून ते लावत होती. या वेळी तक्रार करायला न धावता त्यानं आधी पुस्तिका उघडली. ते तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं.

पुस्तिका वाचता वाचता त्याला आणखी एक गोष्ट दिसली. शिकाऊ माणूस पहिलं पान वाचतो, आणि त्या पानावरच्या उदाहरणात यादी अगदी टाकलेल्या क्रमानं बाहेर येत होती. त्यानं पुन्हा लिहिलं, या वेळी थंड डोक्यानं: "चूक माझी होती. पण तुमच्या पहिल्या पानावरचं उदाहरण बघून कुणालाही क्रम पक्का वाटेल. सोबत बदललेलं उदाहरण देतोय. सात ओळींचं आहे, चालवून बघितलंय."

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. "हा मात्र खरा बिघाड आहे. तुमचं उदाहरण घेतलं. क्रम ठेवणार नाही, पण हमी नाही हे आता पहिल्या पानावर सांगू."

"म्हणजे ते हरले?" ताईनं विचारलं.

"नाही गं. क्रमाचं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं."

नंबर आकड्यांसारखे साठवून त्यानं बोट पाठवली. निळं पाणी आधी भरलं, किनार शेवटी बसली. ताईनं बिल्ला उलटसुलट करून बघितला, नखानं किनार खरवडली.

"बाकीच्या गिऱ्हाइकांची चित्रं?"

"चाळीस राहिलीत. सगळ्यांना नंबर देतो. तू बिल्ले काढ."

तिनं पुढची चौकट यंत्रावर चढवली, सुई सुरू केली आणि त्या खडखडाटातच सुपरवायझरला फोन लावला. "सोमवारचं धरू नका," ती मोठ्यानं म्हणाली. "जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."